देवळाच्या स्मरणिकेत गावचा इतिहास लिहिताय? आधी हे वाचा

कोकणात देवळाचा जीर्णोद्धार झाला की स्मरणिका निघतेच, आणि गावचा इतिहास लिहायचं काम एखाद्या मास्तरांच्या नाहीतर मुंबईकर चाकरमान्याच्या गळ्यात पडतं. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं हे खुशाल लिहा, फक्त आख्यायिका म्हणून वेगळं लिहा. बाकीच्यासाठी इटलीतल्या कुर्त्सिओ इंगिरामीचं काय झालं ते बघा.

हा व्होल्तेर्राचा, घराणं मोठं. 1634 साली, वय जेमतेम विशीचं, घरच्या स्कोर्नेल्लोच्या वाडीजवळ म्हणे याला मातीत केसाचिखलाच्या गुंडाळ्या मिळाल्या, आत प्रॉस्पेरो नावाच्या एट्रुस्कन (रोमनांच्या आधीचे इटलीतले लोक) पुरोहिताने रोमनांच्या भीतीने पुरलेले लेख! 1637 ला पुस्तकच छापलं. मग व्हॅटिकन लायब्ररीतल्या लेओने अल्लाचीने पकडलं, एट्रुस्कन लिहायचे कापडावर आणि उजवीकडून डावीकडे, मग हे कागदावर आणि डावीकडून उजवीकडे कसं काय? तरी पठ्ठ्याने 1645 ला उत्तर म्हणून आणखी एक ठोकळा छापला, चिकाटीला मानलं पाहिजे.

आता अल्लाचीचेच प्रश्न माळ्यावरच्या पेटाऱ्याला विचारायचे. कागद उजेडासमोर धरा, विलायती कागद असेल तर पाणचिन्हात कधीकधी चक्क साल दिसतं, आणि ते अठराशेच्या पुढचं निघालं तर तो कागद शिवकाळातला नाही, फार तर जुन्या कागदाची नक्कल. मोडी स्वतःला येत नसेल तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराला दाखवा. तारखेला शक असेल तर 78 मिळवा, पौष-माघातली असेल तर बहुधा 79, फाल्गुनातली असेल तर 79च. 'सन इसन्ने सबैन अलफ' असलं काही दिसलं तर घाबरू नका, हा अरबी आकड्यांत लिहिलेला शुहूर सन, इसन्ने दोन, सबैन सत्तर, अलफ हजार, झाले 1072, त्यात 599 मिळवले की 1671-72.

मग 1880 चं रत्नागिरीचं गॅझेटियर आणि पुण्यातलं पेशवे दफ्तर यांच्याशी ताडून बघा. मानपानाचं मात्र प्रत्येक मानकऱ्याला त्याच्या घरी जाऊन वेगवेगळं विचारा, देवळात सगळ्यांसमोर विचारलंत तर इतिहास राहील बाजूला आणि पालखी आधी कुणाच्या दारात यावरून भांडण जुंपेल. आणि जे जुळत नाही त्याच्या दोन्ही बाजू छापा.

कागद गोळा करायचं काम शिमग्यात उरका, चाकरमानी आलेले असतात आणि हवा कोरडी असते, गणपतीत दमट हवेत जुने कागद बाहेर काढलेत तर बुरशी धरायची भीती. फोटो काढताना बाजूला फूटपट्टी ठेवा, कुणाच्या घरचा ते लगेच लिहा, आणि कोणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका.