जेलेटिनच्या ठोकळ्यावर बत्तीस बोअरच्या काडतुसाची चाचणी

काडतुसाची गोळी किती खोल जाते हे शरीराऐवजी जेलेटिनच्या ठोकळ्यावर झाडून पाहायचे, ती ही चाचणी. विदर्भात ती बिघडते ती बहुधा नेम चुकल्याने नव्हे, तर उन्हाने. ठोकळा ४ अंश सेल्सिअसला असावा, हा या चाचणीचा पहिला नियम आहे, आणि आपल्याकडे एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत, भल्या सकाळी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेत स्वतःचे असले तरी तिथे गोळी झाडण्याचा विचारही करू नये. आत्मसंरक्षणासाठी मिळालेला परवाना बांधावर सराव करण्याची मुभा देत नाही, आणि शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार दुसऱ्याचा जीव धोक्यात आणणाऱ्या निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चाचणी मान्यताप्राप्त नेमबाजी रेंजवर, तेथील अधिकाऱ्याला आधी कल्पना देऊनच करावी.

गोळी किती खोल जावी याचा मापदंड अमेरिकेच्या एफबीआयकडून आलेला आहे. १९८६ मध्ये मायामी येथील चकमकीत एका दरोडेखोराला लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयापर्यंत न पोहोचता अलीकडेच थांबली. त्यानंतर त्या संस्थेने गोळ्या पारखण्याची पद्धत बसवली, आणि १० टक्के जेलेटिनमध्ये गोळीने १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर जावे, अशी अपेक्षा रूढ झाली.

ठोकळ्यासाठी २५० ब्लूमचे (ब्लूम म्हणजे जेलेटिनच्या घट्टपणाचे माप), 'अ' प्रकारचे जेलेटिन घ्यावे. ते बहुधा डुकराच्या कातडीपासून केलेले असते, त्यामुळे स्वयंपाकघरातला गंज, म्हणजे पातेले, वापरायला घेतला तर घरात वाद होईल. एक जुना गंज कायमचा बाजूला काढावा. १५ × १५ × ४० सेंटिमीटरच्या साच्याला सुमारे ९ लिटर मिश्रण लागते, म्हणजे ९०० ग्रॅम भुकटी आणि ८.१ लिटर पाणी. भुकटी थंड पाण्यावर हळूहळू भुरभुरावी, कारण गरम पाण्यात एकदम टाकली तर तिच्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर कितीही ढवळल्या तरी फुटत नाहीत. दोन तास फ्रीजमध्ये फुगू दिल्यावर गंज गरम पाण्याच्या परातीत ठेवून विरघळवावा. तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये, म्हणजे हात सुखाने घालता येईल इतकेच ते कोमट असावे. उकळल्यास जेलेटिनची ताकद जाते. वरचा फेस चमच्याने काढून मिश्रण साच्यात ओतावे. घट्ट झाल्यावर ठोकळा दीड दिवस ४ अंशांवर ठेवावा. फ्रीजच्या बटणावर विश्वास न ठेवता शेजारी पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवावा, आणि वीज गेली तर दार उघडू नये.

माझी पहिली चाचणी वाया गेली ती वाटेत. मार्चअखेरीस ठोकळा पोत्यात गुंडाळून जीपने रेंजवर नेला. दिसायला तो जसाच्या तसा होता, पण तपासणीसाठी मारलेला पोलादी छर्रा बारा सेंटिमीटर आत गेला, म्हणजे ठोकळा मऊ पडला होता, आणि तरीही हट्टाने मी सहा काडतुसे झाडली. ते सर्व आकडे निरुपयोगी होते. आता ठोकळा थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये नेतो आणि बाहेर काढल्यापासून वीस मिनिटांत काम आटोपतो.

तो छर्रा म्हणजे ठोकळ्याची परीक्षा होय. ४.५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने मारला असता तो ७.५ ते ९.५ सेंटिमीटर आत जायला हवा. वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे वेगमापक यंत्रावर, मोजावा आणि पोलादी छर्ऱ्यासाठी गुळगुळीत नळीची एअरगन वापरावी. आट्यांच्या, म्हणजे आतून पिळाच्या खाचा असलेल्या, नळीत तो घालू नये. आकडा बाहेर गेला तर हिशेब करून तो 'दुरुस्त' करण्याच्या फंदात पडू नये, ठोकळा पुन्हा थंड करावा.

गोळी ३ मीटरवरून झाडावी, ठोकळ्यामागे दुसरा ठोकळा आणि त्यामागे रेंजचा मातीचा बंधारा असावा. प्रत्येक प्रकारच्या काडतुसाच्या किमान पाच गोळ्या झाडाव्यात. परवान्यावरील काडतुसांची मर्यादा लक्षात घेता हे जड जाते, पण एकाच गोळीवरून निष्कर्ष काढणे त्याहून महाग पडते. ठोकळ्यापुढे डेनिमचे चार थर लावून तोच प्रयोग पुन्हा करावा. आपल्याकडे मे महिन्यात अंगावर पातळ सुती सदरा असतो हे खरे, परंतु डेनिम पोशाखाची नक्कल म्हणून नव्हे, तर पोकळ टोकाच्या गोळीत कापड भरले तर ती फुलते, म्हणजे आत शिरताना पसरून रुंद होते, की नाही हे पाहण्यासाठी लावलेले असते. साधी शिशाची गोलाकार टोकाची गोळी फुलतच नाही, तिच्याबाबतीत खोलीच पाहायची.

ठोकळा उजेडापुढे धरल्यास गोळीची वाट दुधाळ चिरेसारखी दिसते. खोली गोळीच्या पुढच्या टोकापर्यंत मोजावी, मग गोळी कापून काढून व्हर्नियरने जाडी आणि सोनाराच्या काट्यावर वजन घ्यावे. रुंद फाटलेल्या चिरा पाहून प्रभावित होऊ नये. पिस्तुलाच्या वेगाला तो तात्पुरता ताण असतो, आणि शरीरातील बहुतेक ऊती तो सोसून पूर्ववत होतात. ठोकळ्यात हाड नाही, फुप्फुसाची हवा नाही, म्हणून दोन काडतुसांची परस्पर तुलना एवढ्यापुरताच हा आकडा वापरावा, आणि वहीत त्याच्या शेजारी तापमान व छर्ऱ्याची खोली लिहून ठेवावी.