टोमॅटोतल्या अळीसाठी झेंडूची ओळ

टोमॅटोच्या फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोचत नाही. म्हणून या अळीच्या पतंगाने अंडी टोमॅटोवर न घालता झेंडूवर घालावीत, अशी सोय लागवडीलाच करायची.

1. उंच वाढणारा आफ्रिकन झेंडू घ्या.
2. त्याचं बी टोमॅटोच्या साधारण 20 दिवस आधी टाका. लागवडीला झेंडूचं रोप 45 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं हवं. सगळी गोम इथेच आहे: एकाच वयाची रोपं लावली तर टोमॅटो फुलावर येतो तेव्हा झेंडूला कळीच नसते, मग पतंग टोमॅटोवरच बसतो.
3. टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ, त्याच दिवशी लावा.
4. कळ्या लागल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी झेंडू तपासा. पोखरलेल्या कळ्या अळीसकट तोडून नष्ट करा. अळ्या फार दिसल्या तर एचएएनपीव्ही (या अळीला मारणारा विषाणू) हेक्टरी 250 एलई (या विषाणूचं प्रमाण मोजायचं एकक) फवारा, तेही संध्याकाळी. उन्हात हा विषाणू निकामी होतो.

दसऱ्याला भाव चांगला असतो, फुलं जरूर विका. पण एकदम सगळी खुडू नका, सापळा रिकामा होतो. आणि झेंडूवर लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर तेवढी झाडं लगेच उपटा.