पार्किंगमधली होडी

माझ्याकडे गाडी नाही, पण ऐरोलीच्या आमच्या इमारतीत स्टिल्टखाली पार्किंगची जागा आहे. तिथेच दोन लाकडी घोड्यांवर मी 7 फूट 9 इंचांची वल्ह्याची होडी बांधली. मापाचं कारण साधं: प्लायची शीट 8 फुटी येते. त्याहून लांब होडी हवी तर शीटला जोड द्यावा लागतो. त्यासाठी 6 मिमी प्लायच्या कडेला निदान 48 मिमीचा उतार तासायचा. पहिल्याच होडीला ही डोकेदुखी नको.

पद्धत अशी की फळ्या नकाशाबरहुकूम कापायच्या, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि आतून-बाहेरून इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर मिसळलं की घट्ट होणारा चिकट द्रव) सांधायच्या. 1960च्या दशकात मिरर डिंगी नावाची होडी ब्रिटनमध्ये हजारो लोकांनी अशीच तारेने शिवून घरी बांधली. नकाशा मात्र विकत घ्या, स्वतः काढायला जाऊ नका.

प्लाय आयएस 710 या भारतीय मानकाचा, म्हणजे मरीन. दुकानदार 'वॉटरप्रूफच आहे हो' म्हणत आयएस 303चा, साध्या कामाचा, पुढे करेल. शिक्का बघा, आणि शिक्क्यावरही विसंबू नका. 710ची कसोटी 72 तास उकळण्याची आहे. मी तळहाताएवढा तुकडा जुन्या पातेल्यात तीन दिवस जमेल तसा उकळला. थर सुटले नाहीत, मग अडीच शीट आणल्या. कापल्यावर कडेला पोकळ्या दिसतात, त्या लगेच भरून घ्या.

कडेपासून 10 मिमीवर, दर 15 सेंटीमीटरला एक भोक. तार 18 गेजची, मोटर वाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. टाके आधी सैल ठेवा. पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून लांबून एका डोळ्याने बघा. दोन्ही समांतर दिसल्या तरच पीळ आवळा. इथे होडी वाकडी राहिली की जन्मभर एका बाजूला ओढते.

दिवा कोळीवाड्यातले एक काका जाता-येता थांबायचे. शिवलेली होडी बघून म्हणाले, "आणि हिचे वांक कुठं हायत?" लाकडी होडीचा सांगाडा म्हणजे वांक. इथे ते काम सांधाच करतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

तो सांधा असा. टाक्यांच्या मधेमधे इपॉक्सीचे ठिपके देऊन एक दिवस थांबा, मग तारा काढा. इपॉक्सीत सिलिका आणि चाळलेला लाकडाचा भुसा घालून चक्क्याइतकं घट्ट करा. चमचा उलटा केला तरी पडायला नको. ते कोपऱ्यात भरून गोल टोकाच्या पट्टीने एका दमात ओढा. ओलं असतानाच वर ग्लास कापडाची 3 इंची पट्टी बसवा. बाहेरून कडा गोल घासा आणि चौरस मीटरला 200 ग्रॅमचं विणलेलं ग्लास कापड चढवा. फायबरवाला स्वस्तातली मॅट देईल, ती घेऊ नका. तिचा चिकटा पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत ती नीट भिजत नाही.

आता इपॉक्सी. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त चालतो, कारण तो फक्त चालना देतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच जोडला जातो. माझ्या रेझिनला 100 ग्रॅमला 10 ग्रॅम होता, तुमच्या डब्यावर असेल तो घ्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो, अंदाज पुरत नाही. दोन मिनिटं ढवळा, तळ आणि कडा खरवडून. एका वेळी 100-150 ग्रॅमच करा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता.

रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये 26 वर्षं काढलेल्या बाईने, म्हणजे मीच, एप्रिलच्या दुपारी श्रीखंडाच्या डब्यात 400 ग्रॅम एकदम कालवलं आणि फोन घ्यायला गेली. दहा मिनिटांनी डबा वाकलेला, धूर निघतोय, आणि सेक्रेटरी बादली घेऊन जिन्यात. घट्ट होताना उष्णता सुटते, खोल डब्यात ती कोंडते आणि वेग आणखी वाढतो. मला हे पाठ होतं.

म्हणून दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीच्या आत रेझिनचं काम उरका. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर मेणचट थर धरतं. तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवायचा, पॉलिशपेपर नंतर. उलट केलं तर मेण आत चोळलं जातं आणि पुढचा थर सुटतो. इपॉक्सीचा पहिला हात दुपार कलल्यावर, चारनंतर द्या. सकाळी दिलात तर उन्हं चढताना प्लायमधली हवा फुगते आणि सगळीकडे बुडबुडे येतात.

हातमोजे पहिल्या दिवसापासून. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. घासताना मास्क. हात थिनरने धुवू नका, साबणच बरा. शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंग हवाच, उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुकटी होतं. बसायच्या पेट्या बंद ठेवा, उलटली तर त्याच तरंगवतील.

ठाणे खाडीचा इथला काही भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, तेव्हा दारात पाणी आहे म्हणून होडी लोटता येत नाही. परवानगीची चौकशी बांधायच्या आधी करा.

गळती बघायला पाण्यावर जायची गरजही नाही. मी घोड्यांवरच होडीत चार बोटं पाणी भरलं आणि खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी एका कोपऱ्यात कागद ओला होता. पोटात गोळा आला. वाकून हात फिरवला तर होडी कोरडी. वॉचमनने शेजारची गाडी धुतली होती.