जुन्या लिव्हर रायफलचा बार उडत नाही? आधी टोपी पाहा

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत परवान्याची विंचेस्टर 1894 सारखी लिव्हर रायफल (चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची) असेल, तर ही टीप जपून ठेवा. चाप ओढला, घोडा पडला, पण बार उडाला नाही, की लोक लगेच काडतुसाला दोष देतात.

1. नळी निशाणाकडेच धरून निदान 30 सेकंद थांबा. बार कधी कधी उशिरा उडतो.
2. मग काडतूस काढून बुडाची टोपी, म्हणजे रायफलीची पिन आदळून पेटणारी छोटी चकती, उजेडात पाहा. मधोमध खोल खळगा असेल तर काडतूस जुनं किंवा ओल लागलेलं. खळगा उथळ असेल तर दोष बहुतेक रायफलीत.
3. उथळ असेल तर आधी बोल्ट (काडतुसामागचा सरकता भाग) साफ करा. वर्षानुवर्षं वरून सोडलेलं तेल फायरिंग पिनेच्या (टोपीवर आदळणाऱ्या सुईच्या) वाटेत वाळून तपकिरी, चिकट थर होतो, त्यात इथली उन्हाळ्यातली धूळ बसते आणि जानेवारीच्या थंडीत तो आणखी घट्ट होतो. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा, सॉल्व्हंटने तो थर सोडवा, कोरडं पुसा. पिनेला तेल अगदी नावापुरतं.

तरीही खळगा उथळच राहिला, तर घोड्याची स्प्रिंग थकलेली असू शकते. ती परवानाधारक कारागिराकडूनच बदला.

न उडालेलं काडतूस पुन्हा भरू नका.