व्हिडिओत प्रेक्षकाला बोलतं करायचंय? प्रश्न मध्यात विचारा

‘व्हिडिओ कसा वाटला, कमेंटमध्ये नक्की सांगा’ हे शेवटचं वाक्य ऐकायला बहुतेक जण थांबलेलेच नसतात. आणि थांबले तरी ‘छान’ यापलीकडे लिहिणार काय? म्हणून प्रश्न मध्येच विचारा, तोही नेमका.

समजा, पुरणपोळीचा व्हिडिओ आहे. पुरण आटतंय, कॅमेरा कढईवर. इथे विचारा, ‘पुरण झालं हे तुमच्याकडे कसं ओळखतात?’ मग तीन-चार सेकंद गप्प बसा. (एडिटिंग करताना ही शांतता कापायचा मोह होतो, कापू नका.) त्यानंतर पुरणात उलथनं उभं करून दाखवा. ते आडवं पडलं नाही, की झालं. ज्याच्या घरी वेगळी खूण आहे, तो लिहिल्याशिवाय राहत नाही. गूळ की साखर, हा वाद तर आयताच मिळतो!

तोच प्रश्न स्वतः कमेंटमध्ये लिहून पिन करा, म्हणजे तो सगळ्यात वर राहील. सुरुवातीच्या उत्तरांना ‘धन्यवाद ताई’ न म्हणता उलट प्रश्न टाका: ‘मग तुम्ही कट किती काढता?’

प्रेक्षकाला नेमक्या जागी आणायला भागांची नावंही कामी येतात. यूट्यूबवर डिस्क्रिप्शनमध्ये (व्हिडिओखालच्या माहितीत) कोणता भाग कधी सुरू होतो त्या वेळा नावासह टाकल्या की व्हिडिओचे भाग पडतात. पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा. ‘भाग २’ असलं नाव मात्र नको. ‘पोळी फुटते ती इथे’ असं लिहा, बोट आपोआप तिकडे जातं.