एक बल्ब, एक चेहरा: प्रकाश काय सांगतो ते तपासा

पडद्यावरचं पात्र खलनायक वाटतं की बिचारं, हे पुष्कळदा संवादाआधी दिव्याच्या जागेवर ठरतं. ते घरच्या घरी करून बघा. रात्री खोली पूर्ण अंधारी करा. टेबल लॅम्पमध्ये 9 वॉटचा एलईडी बल्ब, चेहऱ्यापासून 3 फुटांवर. माणूस भिंतीपासून 4-5 फूट पुढे बसवा, नाहीतर मागे त्याची सावलीच नाचत राहते. मोबाइल स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला, 5 फूट लांब; जवळ नेलात तर नाक फुगतं.

आता स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ येणार ते) लॉक करा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो: लॉक नसेल तर फोन आपणहून सावल्या उजळतो आणि सगळे शॉट सारखेच दिसतात.

लॅम्प समोरून 45 अंश बाजूला, डोक्याच्या थोडा वर धरा. पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला की जागा बरोबर. चेहरा गंभीर, पण भरवशाचा. 90 अंशांवर सरका: अर्धा चेहरा गडप, माणूस काहीतरी लपवतोय. हनुवटीखालून दिलात तर पोरं टॉर्चने घाबरवतात तेच भूत! सावल्या तरीही फिक्या असतील तर पांढरी भिंत उजेड परतवतेय. अंधाऱ्या बाजूला काळी चादर टांगा.

मग दिवा तसाच ठेवून फक्त कॅमेरा फूटभर खाली न्या (माणूस दांडगा), नंतर फूटभर वर (केविलवाणा). दोन्ही एकदम हलवलंत तर कशामुळे काय बदललं ते कळणार नाही.