फॉर्ममधली भांग

अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर वर्षभरातच व्हर्जिनियातल्या एका संरक्षण कंत्राटदाराकडून ऑफर आली. अट एकच, सिक्रेट क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी, मिळालं पाहिजे. त्यासाठीचा फॉर्म, एसएफ-८६, भरायला बसलो. शंभराहून जास्त पानं! सासऱ्यांची शाळेतली जन्मतारीख वेगळी, खरी वेगळी. ते निस्तरण्यातच दोन रात्री गेल्या. पण खरा अडलो २३व्या विभागात. गेल्या ७ वर्षांत बेकायदा ड्रग्ज घेतलीत का?

चार वर्षांपूर्वी होळीला बनारसला मित्राच्या घरी थंडाईतून भांग प्यायलो होतो. एकच पेला. आपल्या भारतातल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या व्याख्येत गांजाचे शेंडे येतात, नुसती पानं नाहीत, म्हणून तिथे भांगेची परवानाधारक दुकानं असतात. अमेरिकेचा फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा मात्र पानंही धरतो. मग याला बेकायदा म्हणायचं का? बायको म्हणाली, "कशाला उगाच उकरून काढतोस?" कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरना विचारलं. ते म्हणाले, शंका असेल तर लिही, आणि शेऱ्यात नीट समजाव. लिहिलं.

माझ्याबरोबरच अर्ज केलेल्या एकाने उलट केलं. कोलोरॅडोला ट्रिपमध्ये गांजाच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, खाल्ल्या होत्या. तिथे दुकानात उघड मिळतात, म्हणून "नाही" ठोकून मोकळा झाला. राज्याने परवानगी दिली तरी फेडरल कायद्यात ते बेकायदाच, आणि क्लिअरन्स फेडरल सरकार देतं. चौकशी अधिकारी त्याच्या जुन्या रूममेटला भेटले आणि सगळं बाहेर आलं. क्लिअरन्स का देऊ नये याची कारणं सांगणारं पत्र त्याला आलं, त्यात गाइडलाइन एच, म्हणजे ड्रग्ज, हा छोटा परिच्छेद होता. मोठा होता गाइडलाइन ई: जाणूनबुजून खोटी माहिती. गमीज दोनदाच खाल्लेल्या, मध्ये काळही गेलेला, आणि "पुन्हा घेणार नाही" असं लेखी दिलं असतं, तर पहिला मुद्दा बहुधा मिटला असता. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनीच कळवलंय की पूर्वीचं गांजासेवन एवढ्यावरूनच निकाल लावू नये. खोटं लिहून त्यावर सही करण्याला तशी सवलत नाही; ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला फेडरल गुन्हा आहे तो.

त्याच्या हातात एक संधी होती. चूक झालीच असेल, तर चौकशी अधिकाऱ्यांनी पकडायच्या आधी आपण होऊन लगेच सुधारलेली माहिती जमेस धरतात. तो गप्प बसला.

आपल्या पोरांच्या लक्षात न येणाऱ्या आणखी दोन गोष्टी. परीक्षेच्या काळात मित्राच्या प्रिस्क्रिप्शनवरची ॲडरॉल, म्हणजे एकाग्रतेची गोळी, घेतली असेल, तर तीही याच विभागात. आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल, तर केस रद्द झाली तरी लिहायची. दारूसाठी आपण होऊन समुपदेशन घेतलं असेल तर लपवू नका, ते तुमच्या बाजूनेच जातं. फॉर्मवर सही केल्यापासून गांजाला मात्र हातही लावायचा नाही, कुठल्याही राज्यात असा.

क्लिअरन्ससाठीच्या माझ्या मुलाखतीला एक वयस्कर बाई आल्या, वही-पेन घेऊन. गमीज ऐकून त्यांचे कान किटले असणार. भांगेपाशी थांबल्या.

"स्पेलिंग?"

"बी, एच, ए, एन, जी."

मग थंडाईत आणखी काय असतं, तेही विचारलं. बदाम, बडीशेप, मिरी, खसखस... मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. खसखशीपाशी पेन पुन्हा थांबलं.